कौशल्या आणि बावीस पायऱ्या

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी मिनल पुण्याहून धावत आली, ऑपरेशन उरकलं, आणि रजा संपल्यावर नर्सिंग ब्यूरोतून एक बाई ठरवून परत गेली. ती बाई म्हणजे कौशल्या. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ.

शहराच्या टोकाच्या वाडीहून ती बसनं सीताबर्डीला यायची आणि तिथून धंतोलीतल्या माझ्या घरापर्यंत पायी. ऑटोत बसायची नाही. "बसून राहिलं की माह्या जीव घाबरते," म्हणायची. माझ्या घरीही तिचं तसंच. आल्याआल्या गोळ्यांचे डबे लावायची, तासाभरानं तेच डबे पुन्हा पुसून लावायची. घासलेलं पातेलं परत घासायची. मी म्हणायचे, "अगं, बस की जरा." ती खुर्चीच्या कडेला टेकायची आणि मी पाणी म्हणायच्या आत उठून उभी. हाकेला तिच्याइतकी तयार बाई मी पाहिली नाही. मी खाकरले तरी ती दारात यायची. तेव्हा मला तो तिचा गुण वाटला होता.

वय सेहेचाळीस. शिक्षण नववी पास. नवरा देवराव वाडीतल्या एका गोदामावर चौकीदार, दोघं तिथंच भाड्याच्या खोलीत राहतात. मूळ घर मौद्याजवळच्या एका गावात, धानाची थोडी शेती. सासू वारल्यावर तीही वाडीला आली आणि धंतोलीतल्या दवाखान्यांत पेशंटजवळ बसायचं काम धरलं. सासूचं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "आठ महिने अंथरुणावर होत्या जी, अर्धांग. सगळं मीच केलं. मी जवळच होती. झोपेतच गेल्या. शेवटी रीना, रीना म्हटलं, अन् गेल्या." रीना म्हणजे तिची नणंद, कन्हानला दिलेली.

झोपेत गेलेल्या बाईनं लेकीचं नाव कसं घेतलं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी अडतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे. दारावर अजून प्रा. अरुंधती खानझोडे अशी पाटी आहे. पण माणूस पेपर तपासताना जितका सावध असतो तितका घरात नसतो.

कौशल्याला एक वेगळीच नजर होती. आमच्या इमारतीत खाली पॅथॉलॉजी आहे. यवतमाळ, वणी, गोंदिया, कुठूनकुठून लोक रिपोर्टसाठी येतात आणि जिन्यात बसून एकमेकांना आजाराच्या हकिगती सांगतात. दार उघडं असलं की आम्हाला सगळं ऐकू येतं. एकदा एक माणूस कुणाला तरी सांगत होता, की वडिलांना चक्कर आली तसं लगेच गाडीत घातलं, लगेच, एक मिनिट घालवलं नाही. कौशल्या भाजी चिरता चिरता म्हणाली, "दोन दिवस घरीच ठेवलं असन."

"तुला काय माहीत?"

"बाई, ज्यानं खरंच लगेच आणलं ना, तो लगेच म्हणत नाही. तो म्हणते, चप्पल घालायची राहिली, दार लावलं का नाही आठवत नाही. ज्यानं उशीर केला तोच लगेच लगेच करते."

मी हसले. पण अर्ध्या तासानं त्या माणसाची बायको वर पाणी मागायला आली आणि बोलता बोलता तिच्याकडून कळलं, दोन नाही, तीन दिवस.

माझ्या डोळ्यांचं आता असं झालं आहे की जे पाहायचं तेच मधोमध काळं दिसतं, कडेचं तेवढं स्वच्छ. वाचन बंद. म्हणून दुपारी कौशल्याला वाचायला लावायचे. वर्तमानपत्र झालं, दिवाळी अंक झाले. मग मे महिन्यात एकदा कूलर बिघडला, दोघींना झोप येईना, आणि मी तिला कपाटातून माझी एक जुनी वही काढायला सांगितली.

त्या वहीत एका इंग्रजी भयकथेचं मी केलेलं भाषांतर होतं. कथा दीडशे वर्षांपूर्वीची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला वर्षानुवर्षं लावलेली. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी मी ती मराठीत उतरवून ठेवली होती. गोष्ट अशी: तळ्याकाठी एक दगडी बंगला. त्यात एक भाऊ आणि त्याची आजारी बहीण. बहीण वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली, उशाशी पितळी घंटा. तिनं घंटा वाजवली की भाऊ वर जायचा. सगळी गोष्ट तोच सांगतो. एका बर्फाळ संध्याकाळी घंटा वाजली, तो धावत गेला, पण बहीण गेलेली होती. त्यानंतर रिकाम्या खोलीतून घंटा ऐकू येऊ लागते. तो घंटेची जीभ कापडानं बांधतो, ती बागेत पुरतो, तरी वाजतेच. शेवटी तो बंगला सोडून पळतो.

मुलं उत्तरात भूत लिहायची. मी शिकवायचे, भूत नाही रे, निवेदकाचं मन बघा. तो काय लपवतो ते शोधा. आणि मग मी सांगायचे की त्याला बहिणीची इस्टेट हवी होती, म्हणून त्यानंच तिला मारलं. गाइडमध्येही तेच होतं. बहुधा माझ्याच टिपणांतून गेलेलं.

कौशल्यानं गोष्ट बोट फिरवत वाचली. मध्ये दोनदा थांबली, मागचं पान काढून पुन्हा पाहिलं. वाचून झाल्यावर वही मिटली नाही. इस्टेटीचं माझं म्हणणं मी तिला सांगितलं.

"यानं मारलं नाही तिले," ती म्हणाली.

"मग?"

"हा गेलाच नाही वर. म्हणजे गेला, पण मग गेला."

"कशावरून?"

तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. निवेदक म्हणतो, पहिल्याच घंटेला मी बावीस पायऱ्या चढून वर धावलो. "बाई, धावत जाणारा पायऱ्या मोजत नाही. हा रोज मोजत होता. रोज चढून चढून याचे पाय भरून येत होते. अन् हे पाहा. शेकोटीजवळ चहा पिऊन राहिला होता, घंटा वाजली, रिकामा कप खाली ठेवला अन् धावला. कप रिकामा कसा? चहा संपवला ना त्यानं. निवांत संपवला."

मी उठून बसले. अडतीस वर्षांत तो कप मला कधी दिसला नव्हता. भाषांतर माझं, अक्षर माझं.

"आणि इस्टेट?"

"कायची इस्टेट जी. घरात दोघंच, तसंही त्यालेच मिळणार होतं. याले राग होता तिचा. जुना असन, लहानपणचा. त्या दिवशी त्यानं एवढंच ठरवलं, की थोडं थांबू दे हिले. मरू दे असं नाही. थांबू दे." ती थांबली. "त्याले काय माहीत त्याच वक्ताले..."

वाक्य तसंच टाकून ती उठली आणि मोरीत जाऊन धुतलेल्या पेल्यांना पुन्हा पाणी घालू लागली.

मी खूश होते. मिनलला फोन करून सांगितलं, या नववी पास बाईनं मला आज शिकवलं. मला वाटलं, आता रोज एक गोष्ट वाचून घेऊ. पण दुसऱ्या दिवशी कौशल्यानं वहीला हात लावला नाही. डोळे दुखतात म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती दहाला आली. चुकीच्या बसमध्ये बसून हिंगण्याकडे गेली होती. अकरा वर्षं त्याच रस्त्यानं येणारी बाई. मला दोनदा एकच गोळी द्यायला निघाली, मीच हात धरला. मी काही विचारलं की "काही नाही जी" म्हणायची आणि बाल्कनीत जाऊन उभी राहायची. खाली रुग्णवाहिका लागली की आत यायची, परत बाहेर जायची.

आठवडाभरानं दुपारी तिनं आपणहून वही काढली, कपाची ओळ काढली, आणि वाचायचं सोडून म्हणाली, "बाई, माह्या सुपात तूर होती."

मला काही कळेना.

मग तिनं सांगितलं. सांगताना ती एकदाही उठली नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. तिची आई पवनीला होती, तिच्या छातीत पाणी झालं. निरोप आला, लवकर पाठवा. आषाढाचे दिवस, बांधीत भाताची लावणी, रोवणं चालू. सासू, रुखमाबाई, म्हणाली, "रोवणं होऊ दे, मग जा." चार दिवस रोवणं चाललं. पाचव्या दिवशी ही पवनीला पोचली तेव्हा अंगणात मयतीसाठी घातलेल्या मंडपाचे बांबू सोडत होते. ती रडली, परत आली आणि त्यावर कधी कुणाशी बोलली नाही. सासूशीही नाही. पुढची चौदा वर्षं एकाच चुलीवर दोघींनी रांधलं.

"मग त्या पडल्या. मी सगळं केलं बाई, खोटं नाही सांगत. पाठीले एक जखम होऊ दिली नाही. पण त्या दिवशी मी ओसरीवर तूर पाखडत बसली होती. आतून हाक आली. मी ऐकली. मनात आलं, सूप होऊ दे, मग जाते." तिनं पदर तोंडाला लावला. "तेच शब्द जी. मी मुद्दाम म्हटले. मनातल्या मनात. मले बरं वाटलं म्हणताना. अजून दोन हाका आल्या. मी हळूहळू पाखडलं. सूप झालं, तूर डब्यात भरली, झाकण लावलं. मग गेली."

"आणि?"

"नव्हत्या."

मी म्हणाले, हाकेबरोबर गेली असतीस तरी त्या वाचल्या नसत्या. डॉक्टर काय करतात तिथं. ती म्हणाली, ते मलेही माहीत आहे. वाचल्या नसत्या. पण हात तर धरला असता.

तिला रीनाला सांगायचं होतं. अकरा वर्षं रीना तिला मानत आली होती. माझ्या आईचं वहिनीनं केलं तसं पोटच्या पोरीनं केलं नसतं, असं चार लोकांत सांगायची. दर भाऊबीजेला साडी आणायची. "त्या साड्या मले टोचतात," कौशल्या म्हणाली.

मी तिला थोपवलं. आता उकरून काय मिळणार? त्या पोरीच्या मनात आई सुखानं गेली आहे, ते तसंच राहू दे. मी हे फार समजुतीनं बोलले. पण ज्या गोष्टीवरून हे सुरू झालं तिच्यापुढे मला खोटं बोलवत नाही. मला रीनाची काळजी नव्हती. कन्हानला भांडण होईल, ही काम सोडेल, ब्यूरोतून नवीन बाई येईल, तिला माझं सगळं पहिल्यापासून दाखवावं लागेल, याची मला भीती होती. कौशल्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला ते कळलं होतं असं मला अजून वाटतं.

आधी तिनं देवरावला सांगितलं. त्यानं ड्यूटीचे बूट घातले. मग म्हणाला, "आठ महिने तू होती. मी वाडीत होतो, पंधरा दिवसांनी येत होतो. मी कोणत्या तोंडानं बोलू?" आणि ड्यूटीवर निघून गेला.

पुढच्या रविवारी ती कन्हानला गेली. सोमवारी आली ती नेहमीसारखी आठला. मला उठवलं, तोंड धुवायला दिलं, चहा दिला. मी विचारलं नाही. दहाच्या सुमाराला तीच म्हणाली, "सांगितलं."

"काय म्हणाली?"

"भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणे, वहिनी, तू मले हे काहून सांगून राहिली? मी म्हटलं, खरं आहे म्हणून. तर म्हणे, खरं तर अकरा वर्षांपासून होतं. आज काहून? तुह्यं हलकं झालं, माह्यं जड झालं. यासाठीच आली ना तू?"

"तू काय म्हणालीस?"

"मी विचार केला. मग हो म्हटलं."

रीनानं तिला जेवून जा म्हटलं नाही. बसस्टॉपपर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही.

मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर कौशल्या शांत होईल. झालं उलटंच. पावसाळाभर ती घरात येरझारा घालत राहिली. फोन वाजला की धावायची, नंबर पाहून ठेवून द्यायची. भाऊबीजेला रीना आली नाही. देवराव ओवाळून घ्यायला बसायचा पाट मांडून ठेवून दुपारपर्यंत वाट पाहत राहिला, आणि त्या दिवशी मात्र तो बोलला, "काय गरज होती तुले?" दोघांत चार दिवस अबोला. मी हळूच म्हणाले, तरी मी सांगत होते. आणि जीभ चावली.

एकदा मी सरळ विचारलं, "कौशल्या, तू सगळं सांगितलंस ना तिला?"

ती गोळ्या मोजत होती. मोजणं चुकलं, पुन्हा सुरू केलं.

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी दाराची घंटा वाजली. दारात चाळिशीला आलेली एक बाई, खांद्याला पिशवी, हातात एक्स-रेचं पाकीट. रीना. तिची मुलगी गुंजन सायकलवरून पडली होती, मनगटाचं प्लास्टर काढायला धंतोलीत आणली होती. ती वडिलांबरोबर दवाखान्यात नंबर लावून बसली होती. पत्ता देवरावनं दिला होता.

कौशल्यानं पाणी दिलं. रीनानं पेला हातात धरून ठेवला. मी आतल्या खोलीत जाते म्हणाले, पण काठी सापडेपर्यंत रीना बोलायला लागली होती, मग मी तशीच बसले.

"मले एकच विचारायचं आहे वहिनी. बाकीचं मी सोडलं. आईनं माह्यं नाव घेतलं होतं, ते तरी खरं आहे का?"

बरीच वर्षं मी मुलांना विचारत आले, निवेदकानं हे असंच का सांगितलं, वेगळं का नाही? तेव्हा कुठे मला लख्ख दिसलं. हाक कुणाच्या नावाची होती, यावरच सगळं होतं. लेकीच्या नावानं हाक आली असेल तर सुनेनं धावायला हवं होतं असं कुणी म्हणत नाही. सुनेच्या नावानं आली असेल तर सगळे विचारतात, मग तू कुठं होतीस?

एक हो म्हणून टाक, असं मला वाटून गेलं. एवढं तरी त्या पोरीला राहू दे.

"नाही," कौशल्या म्हणाली. "माह्यं घेतलं. कौशल्या म्हटलं. तीनदा."

रीनानं पेला टेबलावर ठेवला. "मी अकरा वर्षं तेच धरून बसली होती वं."

"माहीत आहे."

"सासरी कोणी काही बोललं ना, की मी मनात म्हणत होती, माह्या आईनं जाताना माह्यं नाव घेतलं."

कौशल्या उभी होती ती खाली फरशीवर बसली, रीनाच्या पायांजवळ. खाली पॅथॉलॉजीचा माणूस नावं पुकारत होता, कुणीतरी ओ देत होतं. बऱ्याच वेळानं कौशल्या कपाळाला हात लावून म्हणाली, "थांब. सकाळी. त्याच दिवशी सकाळी. मी तोंड पुसत होती त्यांचं. तर म्हणाल्या, रीनाच्या पोरीले दात आले का, फोन करून विचार."

रीनानं मान वर केली.

"मी म्हटलं, दुपारी विचारते. अन् मग ते सगळं झालं. मी ते विसरूनच गेली. खोटं लक्षात ठेवता ठेवता हे राहूनच गेलं बघ."

"हे खरं?"

"हे खरं."

"शपथ नको घेऊ."

"नाही घेत."

रीना रडायला लागली, आणि रडता रडताच तिला हसूही आलं. "आले होते. त्याच आठवड्यात खालचे दोन आले होते. मी रविवारी सांगणार होती आईले."

मग ती उठली, कारण नवऱ्याचा फोन येत होता. कौशल्या तिच्यासोबत खाली गेली. दवाखाना कोपऱ्यावरच आहे, पाच मिनिटांचा रस्ता. ती सव्वा तासानं परत आली. गुंजनचं प्लास्टर निघालं, हात बारीक झाला आहे, चेंडू दाबायला सांगितलं आहे, एवढंच म्हणाली.

त्यांच्यात सगळं पूर्वीसारखं झालं असं मी सांगणार नाही. रीना वहिनीची स्तुती आता चार लोकांत करत नाही. पण संक्रांतीला वाण घेऊन ती वाडीला आली, आणि देवराव तिला कन्हानपर्यंत पोचवायला गेला. फोनवर त्या दोघी आईबद्दल बोलतात. बरंही आणि वाईटही. रोवण्याचं ऐकल्यावर रीना म्हणाली, आई अशी करत होती कधी कधी, माझ्याशीही केलं होतं.

मी आता काठीनं चालते. मला दिवसभर बाईची गरज उरली नाही, तेव्हा मार्चअखेर कौशल्याला रामदासपेठेत दुसऱ्या घरी काम मिळालं, नव्वदीच्या एका आजोबांकडे. जाण्याआधी मी तिला म्हणाले, ती वही घेऊन जा हवी तर. ती नको म्हणाली. "मले नाही आवडली ती गोष्ट बाई. त्याले कोणी विचारलंच नाही शेवटपर्यंत."

अजून ती अधूनमधून सीताबर्डीहून जाताना वर डोकावते. चहा घेते. कप अर्धा झाला की उठते, आजोबा वाट पाहत असतील म्हणते.